दुसऱ्याची चाल

ॲनिमेशन शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात माणूस काढू देत नाहीत. चेंडू काढायला लावतात. एक साधे वर्तुळ. ते वरून पडते, जमिनीला लागते आणि पुन्हा उसळते. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. शिकणाऱ्याने प्रत्येक चित्र दोनदा वापरावे, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे पुरतात, असा रिवाज आहे. मी मोठ्या उत्साहाने बारा वर्तुळे काढली, पट्टीने मोजून त्यांच्यात सारखे अंतर ठेवले आणि आमच्या सरांपुढे नेली. पडद्यावर माझा चेंडू जत्रेतल्या फुग्यासारखा तरंगत खाली आला. सर एवढेच म्हणाले, "याला वजन नाही."

वजन रेषेत नसते, दोन चित्रांमधल्या अंतरात असते, हा या विद्येचा पहिला धडा. चेंडू सर्वांत वर असतो तेव्हा क्षणभर रेंगाळतो, म्हणून तिथली वर्तुळे एकमेकांना खेटून काढायची. खाली येताना त्याचा वेग वाढतो, म्हणून तिथली दूर दूर. जमिनीला लागताना तो किंचित चपटा होतो. पण जितका दबला तितकाच तो रुंद झाला पाहिजे, नाहीतर त्यातले काहीतरी हरवल्यासारखे वाटते. कागद जागचा हलू नये म्हणून त्याच्या कडेला छिद्रे असतात. ती लाइट बॉक्सवरच्या खुंट्यांत बसवायची, खालून दिवा लावायचा आणि खालच्या चित्राची पुसट छाया पाहत वरचे चित्र काढायचे. संगणक आले, तरी आमच्या सरांचा हट्ट होता की पहिले सहा महिने कागद आणि पेन्सिल यांवाचून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मला तो हट्ट तेव्हा जाचक वाटला. आज तसा वाटत नाही.

ॲनिमेशन या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'आनिमा' हा शब्द आहे: श्वास, प्राण, आत्मा. माझ्या आजीच्या कानांवर तो जुन्या लॅटिन मिस्सेतून पडलेला होता. अर्थ तिला ठाऊक नव्हता, उच्चार मात्र स्वच्छ होता. मराठीत कोणी 'सचेतपट' असे म्हणतात. दोन्ही शब्द कामाच्या मानाने जरा मोठेच आहेत. कागदात प्राण कोणी फुंकीत नाही. पाहणाऱ्याचे डोळे आणि मेंदू स्थिर चित्रांची मालिका जोडून घेतात आणि तिला हालचाल समजतात. आम्ही त्या सवयीचा फायदा घेतो, इतकेच. तरीही ज्या दिवशी माझा चेंडू खरोखर 'आदळला', त्या दिवशी मी दादरहून माहीमपर्यंत चालत घरी आले. बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता.

मला पुढे ज्या प्रश्नाने छळले तो चेंडूचा नव्हता. चेंडू सोडून मी माणसाजवळ आले तेव्हा तो उभा राहिला, आणि तो असा: दुसऱ्याच्या शरीराकडे, त्याच्या नकळत, इतक्या बारकाईने पाहण्याचा अधिकार मला कोणी दिला?

या विद्येच्या आपल्याकडच्या आरंभी हा प्रश्न नव्हता, कारण आरंभी एक वाटाणा होता. ती हकिकत आमच्या शेजारचीच. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला, तो पाहता पाहता त्यांच्या मनात कृष्णाचे आणि रामाचे चरित्र सरकू लागले आणि त्यांनी चित्रपट काढण्याचे ठरवले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहून, रात्रीचा दिवस करून त्यांनी आपले डोळे इतके शिणवले की काही काळ त्यांची दृष्टीच गेली, हेही पुष्कळांनी ऐकलेले असेल. १९१२ साली ते इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतले, पण भांडवल कोणी देईना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. पडद्यावर तो वाटाणा मिनिटा-दोन मिनिटांत रुजला, वाढला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फीत ओळखली जाते. ती पाहूनच पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्यांना नाचवून 'आगकाड्यांची मौज' ही फीतही केली. दादरच्या ज्या रस्त्यावर त्यांनी आपले काम उभारले त्याला आज त्यांचेच नाव आहे. माझ्या वर्गाला जाताना मी रोज तो ओलांडीत असे.

पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपटांचा विभाग सुरू झाला, डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखी माणसे तयार झाली, हा सारा पुढचा इतिहास आम्हांला एका तासात उरकून सांगण्यात आला. मला त्यातला वाटाणाच लक्षात राहिला. महिनाभर रोज ठरलेल्या जागी उभे राहून एका कोंबाकडे पाहणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. त्याच्या पाहण्यात लबाडी नव्हती, घाई नव्हती. पण आता वाटते, की त्याचे काम एका अर्थाने सोपे होते. वाटाण्याला लाज नसते.

चेंडू, लंबक, पिठाची गोणी असे टप्पे ओलांडून आम्ही माणसाच्या चालीपर्यंत आलो. चालणे म्हणजे काय, याचा आपण कधी विचार करीत नाही. माणूस प्रत्येक पावलाला थोडासा पुढे पडतो आणि पडता पडता पाय टाकून स्वतःला सावरतो. हे पडणे आणि सावरणे अखंड चालू राहते, त्याला आपण चालणे म्हणतो. एका पावलाची चार मुख्य चित्रे: दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, मग भार खाली गेलेला, मग एक पाय दुसऱ्याच्या शेजारून जाणारा, मग देह वर उचललेला. यांच्या मधली चित्रे भरून दोन पावले पूर्ण केली की तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. माणूस हवा तेवढा चालतो. यालाच 'वॉक सायकल' म्हणतात. परीक्षेसाठी प्रत्येकाने एका खऱ्या माणसाची चाल अशी बांधून आणावी, असे सरांनी सांगितले. "रस्त्यावर बसा, पाहा, काढा. विचारू नका. विचारलंत की माणूस पोझ घेतो."

मी बुधवार निवडला. माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना १९४८ सालापासून चालू आहे, आणि त्या दिवशी लेडी जमशेटजी रोडवर जितक्या प्रकारची चाल पाहायला मिळते तितकी मुंबईत क्वचितच मिळत असेल. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिका, परीक्षेचे प्रवेशपत्र हातात धरलेली मुले, मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून तिरपे चालणारे म्हातारे. हिंदू, मुसलमान, पारशी, आपले. प्रार्थनेला येणाऱ्याची आणि प्रार्थना करून परतणाऱ्याची चाल वेगळी असते, असे कोणी सांगितले तर मी पूर्वी हसले असते. आता मी वहीतली पाने दाखवू शकेन. येणाऱ्याचे डोके पायांच्या थोडे पुढे असते.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी एक बाई रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. साठीच्या असाव्यात, नऊवारी लुगडे, हातात झेंडूची माळ. "काय लिहितेस गं? कोण कोण येतं त्याची यादी करतेस?" मी ओशाळून वही पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ लांब धरून पाहिली. वहीत त्यांचीच चार चित्रे होती. त्यांच्या डाव्या वहाणेचा अंगठा तुटलेला होता आणि तो त्यांनी सेफ्टी पिनेने जोडला होता. त्यामुळे त्या डावा पाय उचलण्याऐवजी सरपटत नेत होत्या, आणि मला तीच हालचाल आवडली होती. "सगळं चांगलं काढलंस," त्या म्हणाल्या, "पण ही पीन कशाला दाखवलीस?" मी खोडरबराने पीन पुसली. त्या गेल्या. पाय अर्थात चित्रात तसाच सरपटत राहिला; पीन नसल्यामुळे आता तो वहाणेचा दोष न राहता त्यांच्या पायाचा दोष झाला होता. हे मला घरी आल्यावर दिसले.

त्या प्रसंगानंतर रस्त्यावर बसायचा धीर होईना. मग मी सर्वांत सोपे, आणि आता वाटते सर्वांत वाईट, ते केले. मी घरातच पाहू लागले.

माझे बाबा रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर २०२२ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, आणि मग सहा महिन्यांच्या व्यायामाने अर्धीमुर्धी परत आली. आमची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर. दारापासून जिन्याच्या तोंडापर्यंत गॅलरीतून त्यांना सोळा पावले लागतात. रोज संध्याकाळी ते काठी घेऊन तेवढे जातात आणि परत येतात. दोन वर्षे मी ते पाहत होते. म्हणजे पाहत नव्हते. ते पडतात की काय, एवढेच पाहत होते.

आता मी मोरीच्या आडोशाने घड्याळ लावून मोजू लागले. काठी कधी टेकते, खांदा कधी उचलला जातो, डावा पाय सरळ पुढे न येता कोयत्यासारखा बाहेरून कसा फिरतो, कोपरात दुमडलेला हात छातीशी कसा राहतो. पहिल्यांदाच मला कळले की सारे कष्ट उजव्या पायाचे आहेत. आम्ही सगळे दोन वर्षे डाव्या पायाची चौकशी करीत होतो. एके दिवशी मी दाराच्या फटीतून मोबाइलवर त्यांचे चित्रण केले. ते करताना माझा हात कापत होता, हे आठवते; आणि हात कापण्याचे कारण मी स्वतःला विचारले नाही, हेही आठवते.

त्यांच्या दोन पावलांना मिळून दोन सेकंद लागतात. मी चोवीस चित्रे काढली, बारा डाव्या पावलाची, बारा उजव्या. अतिशयोक्ती हे या कलेचे एक मान्य तत्त्व आहे. डिस्नेच्या संस्थेतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या चित्रकारांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात जी बारा तत्त्वे सांगितली त्यांत ते येते. म्हणून मी पायाचे ते फिरणे जरासे वाढवले. आणि वर्गात भिंतीवर ती चाल लावली.

पहिल्या दोन फेऱ्यांना कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या फेरीला मागून एक हुंदक्यासारखा आवाज आला, आणि मग सगळा वर्ग हसू लागला. सायकल असल्यामुळे ती थांबत नव्हती. काठी, खांदा, पाय. काठी, खांदा, पाय. ती माझ्या बाबांची चाल आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांचा दोष मी धरीत नाही. सांगायचे ते निराळेच. मीही हसले.

त्या हसण्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांचे हास्यावरचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सजीवाच्या ठिकाणी यंत्र डोकावले की माणूस हसतो. चालता चालता ठेच लागून पडणारा माणूस हास्यास्पद होतो, कारण त्या क्षणी त्याचा देह विचार न करता ठरल्या वेगाने पुढे गेलेला असतो. हे बी.ए.ला असताना मी वाचले होते. (कांटचा तो प्रसिद्ध नियमही तेव्हाच वाचला होता, की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, त्यावर मी चार पाने लिहिली होती आणि गुणही बरे मिळवले होते.) सरांनी तत्त्वज्ञानाचे नाव न काढता तेच सांगितले: "दोन्ही पावलांना बारा-बारा दिलीस. माणूस यंत्र झाला."

मी पुन्हा चित्रण पाहिले आणि फ्रेम मोजल्या. डावा पाय पुढे येतो त्या पावलाला तीस फ्रेम लागत होत्या, उजव्याला अठरा. डाव्या पायावर देह टाकून राहण्याचा भरवसा बाबांना नाही, म्हणून उजवा पाय घाईने टेकतो. आणि डावा उचलण्यापूर्वी दर वेळी एक थांबा होता, कधी चार फ्रेमचा, कधी दहाचा. त्या थांब्यात काहीच हलत नव्हते. हनुवटी मात्र किंचित खाली येई. ते ठरवीत असत. निरोगी माणूस चालताना पाऊल ठरवीत नाही. माझ्या पहिल्या चित्रांतून मी नेमके तेवढेच गाळले होते, आणि त्याच्याच अभावाला वर्ग हसला होता.

मग सायकलही खोटी आहे, असे माझ्या ध्यानात आले. दोन पावले काढून तीच फिरवणे ही काटकसर आहे. बाबांचे कोणतेही पाऊल मागच्यासारखे नव्हते. चौथ्या पावलाला शेजाऱ्यांची चपलांची फळी येते तिथे ते काठी आत घेत, दहाव्याला फरशी फुटलेली आहे तिथे लहान पाऊल टाकीत, सोळाव्याला जिन्याचा कठडा धरीत. म्हणून मी सोळाच्या सोळा पावले काढायला घेतली. जवळजवळ दोनशे चित्रे झाली. पाच आठवडे लागले. ती पाहताना वर्गात कोणी हसले नाही. एक मुलगी उठून बाहेर गेली. मला मोठे समाधान वाटले, आणि त्या समाधानात मी एक निष्कर्ष काढून मोकळी झाले: वरवर पाहिले तर माणसाची टवाळी होते, मनापासून पाहिले तर त्याचा मान राखला जातो. तेव्हा प्रश्न अधिकाराचा नाहीच, नीट पाहण्याचा आहे.

हा निष्कर्ष मी त्याच संध्याकाळी घरी घेऊन गेले आणि बाबांना ती चाल दाखवली.

त्यांनी ती तीन वेळा पाहिली. आमच्या घरातला आरसा मोरीवर खुंटीला टांगलेला आहे, दाढी करण्यापुरता; त्यात चालणारा माणूस दिसत नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारले, "मी असा चालतो?"

मी काहीतरी सांगू लागले. ते ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी गॅलरीत जाईनात. दुपारी, लोक झोपलेले असताना जात, आणि भिंतीच्या बाजूने. त्यानंतरचे चार बुधवार ते देवळात गेले नाहीत. कारण विचारले तर पावसाचे सांगत. आई एकदाच बोलली. "दुसरं काही मिळालं नाही का तुला काढायला?"

इथे माझा निष्कर्ष मोडला. पहिले चित्र खोटे होते आणि त्याने माझ्या घरात कोणाला इजा केली नव्हती. दुसरे खरे होते, आणि त्याने केली. खरे होते म्हणूनच केली.

आमच्या वर्गात एका ग्रंथाची पाने नेहमी भिंतीवर लावलेली असत. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून १८७८ साली धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि चारही पाय एका वेळी अधांतरी असतात हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी त्याने माणसांच्या आणि पशूंच्या हालचालींची हजारो छायाचित्रे काढली आणि १८८७ साली ती ७८१ पानांत प्रसिद्ध केली. आजही जगभरचे विद्यार्थी त्यांवरून चाल शिकतात. त्यातला एक भाग फिलाडेल्फियातल्या रुग्णांचा आहे: ज्यांची चाल बिघडलेली होती अशी माणसे, एका मज्जातंतुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, उघडी किंवा अर्धउघडी, मागे चौकटींचा पडदा. त्यांची नावे दिलेली नाहीत. त्यांच्याकडे बघून डॉक्टर शिकले, चित्रकार शिकले, आणि मीही शिकले; बाबांच्या पायाचे ते बाहेरून फिरणे काढताना मी त्यातलेच एक पान समोर ठेवले होते. त्या माणसाला कोणी विचारले होते का, हे मला त्या पाच आठवड्यांत एकदाही सुचले नाही. चार बुधवारांनंतर सुचले.

डॉक्टरही पाहतो, हे खरे. पण रोगी आपण होऊन त्याच्याकडे जातो आणि पाहून झाले की डॉक्टर त्याच्यासाठी काही करतो. आईदेखील पाहते, बाबा जिन्यावर आहेत की गॅलरीत, हे ती काठीच्या आवाजावरून सांगते. तिने ते ज्ञान भिंतीवर लावले नाही, इतकाच काय तो फरक. पण तो फरक फार मोठा आहे. उलट बाजूही आहे, आणि ती मी टाळणार नाही. प्रत्येकाला विचारून काढायचे ठरवले तर रस्ता, बाजार, गर्दी, म्हणजे जवळजवळ सगळे जगणे चित्राबाहेर राहील. फक्त पोझ घेतलेली माणसे उरतील. सरांचे म्हणणे खोटे नव्हते.

मला उमगले ते इतपत. माणसाची चाल त्याला आतून ठाऊक असते. बाबांना आतून जे ठाऊक होते ते फळीपर्यंत पोचणे, फुटकी फरशी चुकवणे, कठडा धरणे, असे होते. त्यात लंगडणे नव्हते. लंगडणे बाहेरून दिसते. मी पाच आठवडे त्यांच्याकडे पाहिले आणि त्या पाहण्यातून जे मिळाले ते त्यांच्या हाती ठेवले. ते बाहेरचे होते, आणि एकदा हाती आल्यावर त्यांना ते ठेवायला जागा नव्हती. जी गोष्ट ते दोन वर्षे करीत होते ती आता ते करताना स्वतःला पाहत होते. इतक्या जवळच्या माणसाला मी परक्याचे डोळे दिले. ते डोळे जितके अचूक, तितके वाईट.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनातून मी ती चाल काढून घेतली. तिच्याऐवजी त्या नऊवारीतल्या बाईंची द्यावी असे योजले, आणि अर्ध्या कामावर लक्षात आले की विचारले तर त्यांनाही नव्हते. दोन बुधवार मी फाटकाजवळ उभी राहून त्यांना शोधले. त्या दिसल्या नाहीत. गर्दीत पाय पाहत शोधायची सवय लागली होती; बाईंनी नवी वहाण घेतली असली तर त्या माझ्यासमोरून गेल्या तरी मी त्यांना ओळखले नसते.

प्रदर्शनाला दहा दिवस उरले असताना बाबांनी जेवताना विचारले, "त्या चित्रांचं काय केलंस?"

"कपाटावर ठेवलीत."

"शेवटच्या पावलाला कठडा धरलेला दाखवलायस. मी आता धरत नाही."

मी आईकडे पाहिले. ती भाताचे भांडे उचलून आत गेली.

"मग पुन्हा काढू का?" मी विचारले. कोणाला मी हे पहिल्यांदाच विचारीत होते.

"रविवारी. मिस्साहून आल्यावर."

रविवारी त्यांनी मिस्साचा इस्त्रीचा शर्ट बदलला नाही. दाढी केलेली होती. मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याजवळ, वही घेऊन बसले. शेजारची दोन पोरे कठड्याला टेकून उभी राहिली, त्यांना बाबांनी हाकलले नाही. त्यांनी दारातच काठी भिंतीला टेकून ठेवली. "पोरी, तयार आहेस ना?" आणि ते निघाले.

ती त्यांची रोजची चाल नव्हती. मान ताठ, खांदे सारखे ठेवण्याचा आटोकाट प्रयत्न, डावा हात त्यांनी खिशात घातलेला. थांबे होतेच, पण ते त्यांनी असे घेतले की जणू वाटेत कोणाशी बोलायला थांबावे. फळीपाशी थांबून चपला पाहिल्या, फुटक्या फरशीपाशी थांबून खाली चौकात पाहिले. सोळा पावलांची एकोणीस झाली. कठडा त्यांनी धरला नाही. माझ्यापुढे येऊन ते उभे राहिले तेव्हा त्यांना दम लागला होता आणि कपाळावर घाम होता. सर म्हणत तेच झाले होते: विचारले, आणि माणसाने पोझ घेतली.

कपाटावर दोनशे अचूक चित्रे होती. पुढच्या नऊ रात्री जागून मी ही एकोणीस पावले काढली, जशी ती चालली गेली तशी, खिशातल्या हातासकट.

सरांनी ती पाहिली, एकदा थांबवली, मागे नेली आणि पुन्हा पाहिली. "खांदे इतके सरळ?" ते म्हणाले. "तुझे बाबा खरंच असे चालतात?"

"त्या दिवशी चालले," मी म्हणाले.